वरची मुलगी

बिरनाळे सरांनी डावं मनगट माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "वहिनी, ही काच फुटलेली दिसते का तुम्हाला?"

घड्याळाची काच धड होती. साधा ओरखडाही नव्हता.

"मग फळ्यावर काय लिहून ठेवलंय तुम्ही?"

मी वळून फळा पाहिला. सकाळीच लावलेला कागद, हिरवं स्केचपेन, अक्षर माझंच: 'सरांच्या घड्याळाची काच फुटली.' मागं रांगेत उभ्या असलेल्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. सरही हसले. बातमी लावायच्या आधी जरा खात्री करत जा, नाहीतर एखाद दिवशी मलाच वर पाठवाल, म्हणाले, आणि शिट्टी वाजवून पुढच्या मुलीला तोल सांभाळायच्या लाकडी बीमवर चढवलं.

ही सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट, इचलकरंजीची. आमची जिम्नॅस्टिक्सची शाळा यंत्रमागाच्या एका जुन्या शेडमध्ये भरायची. माग कधीच उचलून नेले होते, पण ते जिथं बसवले होते तिथले बोल्ट जमिनीत तसेच राहिले होते. त्यांवर जाड गाद्या अंथरायच्या आणि गाद्यांवर मुली. छपरातल्या काचांतून दिवसभर एकसारखा पांढरट उजेड पडायचा, त्यात कुणाची सावली नीट दिसत नसे. आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांत मागांची खटखट चालू असायची. पाहुणा आला की कानावर हात ठेवायचा. आम्हाला मात्र तो आवाज जाणवायचाच नाही. जाणवायचा तो थांबल्यावर. वीज गेली की अख्खी पेठ एका क्षणात गप्प व्हायची आणि चालता माणूस जागच्या जागी थबकायचा.

माझी केतकी तेव्हा दहा वर्षांची. मी तिला सोडायला जायची आणि सुटेपर्यंत तिथंच बाकावर बसायची. आमचे हे सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात कामाला, संध्याकाळी उशिरा यायचे, त्यामुळे घरी जायची घाई नसायची. माझं अक्षर बरं आहे हे सरांना कळलं आणि त्यांनी दाराजवळचा फळा माझ्या गळ्यात घातला. पंधरा दिवसांतून एकदा, सोमवारी, शाळेच्या बातम्या लावायच्या. मुली चिठ्ठ्यांवर बातम्या लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या आणि मी त्या मोठ्या कागदावर उतरवायची. कुणाला पहिल्यांदा कमान जमली, कुणाचा दात पडला, कुणाची पाण्याची बाटली हरवली, तुकाराममामांनी नवी केरसुणी आणली. मुली तो कागद मिटक्या मारत वाचायच्या. स्वतःचं नाव दिसलं की आईला हात धरून ओढत आणायच्या.

काचेची बातमी सुमेधा खोतनं टाकली होती. आठ वर्षांची, चष्मा, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. बीमवरून ती कधी पडायची नाही आणि खाली उतरल्यावर कुणाशी फारसं बोलायची नाही. मी तिला बाजूला घेऊन समजावलं की खोटी बातमी द्यायची नसते. ती ऐकून घेऊन "बरं काकू" म्हणाली.

तीन दिवसांनी एका मुलीला सावरताना सरांचा हात लोखंडी खांबावर आपटला. काचेला उभा तडा गेला. त्यांनी पुन्हा मनगट माझ्यासमोर धरलं, पण त्या वेळी कुणी हसलं नाही.

पुढच्या खेपेला सुमेधाची चिठ्ठी होती, 'स्वातीच्या घरी दोन बाळं आली.' स्वातीची आई दिवसांत होती, पण तारखेला महिना बाकी होता. मी ती चिठ्ठी बाजूला ठेवली. दहा दिवसांनी स्वाती धावत आली ती सांगतच, की जुळे भाऊ झाले. लहान मुलांचं काय, कुठंतरी बायकांचं बोलणं ऐकलं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि सोमवारी ती बातमी लावून टाकली.

मग तुकाराममामा. हे शेडचे राखणदार, साठीचे, काटक. सकाळी गाद्या झटकायचे, संध्याकाळी गोळा करायचे, आणि लहान मुलींना खांद्यावरून झोपाळ्यासारखं हलवायचे. डिसेंबरात एका गुरुवारी मी डबा उघडला तर सुमेधाच्या वळणदार अक्षरात होतं, 'तुकाराममामा आता येत नाहीत. गाद्या आपण घालायच्या.' मी मान वर केली. मामा समोरच गादीवर पाणी शिंपडून खडूचा डाग घासत होते. गावाला वगैरे जाणार आहात का, म्हणून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, कुठलं गाव वैनी, आता हेच गाव. मी चिठ्ठी घडी करून डब्याच्या तळाशी ठेवली.

नवव्या दिवशी दुपारी जेवून मामा झोपले ते उठलेच नाहीत.

सोमवारी मला फळ्यासाठी काहीतरी लिहायचं होतं. मुलींना रडवायचं नव्हतं, म्हणून मी साधेच शब्द शोधले. कागद लावून झाल्यावर डबा रिकामा करताना ती घडी हाताला लागली. मी ती फळ्याशेजारी धरली. 'तुकाराममामा आता येत नाहीत. गाद्या आपण घालायच्या.' एका अक्षराचाही फरक नव्हता. ते शब्द मी तिच्या चिठ्ठीतून उचललेत असं वाटलं असतं तरी बरं होतं. पण मला खात्री होती की ते मी अर्धा तास बसून, खोडून, पुन्हा लिहून शोधले होते.

त्या संध्याकाळी मी सुमेधाला बाकावर माझ्याशेजारी बसवलं. तुला हे कोण सांगतं, म्हणून विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "फळ्यावर असतं."

"फळ्यावर मी लिहिते ना? तू आधी देतेस, मग मी लिहिते."

तिनं मान हलवली. "तुम्ही लिहिलेलं असतं आधीच. मी वाचते आणि चिठ्ठीत उतरवते. सर म्हणाले होते, वाचलेलं लिहून काढलं की अक्षर सुधारतं."

तिच्या बोलण्यात भीती नव्हती की आव नव्हता. रोज दिसणारी गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं. मी फळ्याकडे पाहिलं. तिथं मामांची बातमी होती, आणि तिच्याखाली कोरा कागद. मला बाकी काही दिसलं नाही.

मी हे कुणाला बोलले नाही. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी केतकीला शाळेतून काढलं असतं, आणि केतकीला तर जानेवारीच्या प्रात्यक्षिकात मानाची जागा मिळाली होती. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी शाळेचा वार्षिक कार्यक्रम असायचा. पाहुणे यायचे, पालक यायचे, आणि सगळ्यांत शेवटी मुलींचा मनोरा. खाली चार, त्यांच्यावर तीन, मग दोन, आणि सगळ्यांत वर एक. ती वर उभी राहून दोन्ही हात पसरायची. वर केतकी होती. तिला काही झालं तर म्हणून सरांनी दीपाली हेरवाडेलाही तयार ठेवलं होतं. खरं सांगायचं तर तोल दीपालीचाच चांगला होता, पण केतकी वजनानं हलकी. दीपालीची आई हौसाबाई गल्लीतल्या एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. ती कधी शाळेत आलेली मी पाहिली नव्हती.

कार्यक्रमाच्या आधीच्या मंगळवारी सुमेधानं डब्यात चिठ्ठी टाकली. मी ती तिच्यासमोरच उघडली.

'मनोऱ्यावरून वरची मुलगी पडली. तिला मिरजेला नेले.'

मिरज म्हणजे मोठा दवाखाना. मी तिचा दंड धरला. जरा जोरातच धरला असणार, कारण तिनं चष्मा सावरला. वरची म्हणजे कोण, केतकी का, असं मी तिला विचारलं.

"नाव नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही नाव लिहिलं नाहीये."

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भाकरी थापताना हात थांबायचा. केतकी घरात हात पसरून, चवड्यांवर उभी राहून सराव करायची आणि मी तिला ओरडून खाली बसवायची. चिठ्ठी पर्समध्ये होती. ती सरांना दाखवावी असं दिवसातून दहा वेळा मनात यायचं. ते विचारतील, वहिनी, तुम्ही शिकलेल्या बाई, आणि हे काय? आणि त्यांनी विश्वास ठेवला तर त्या एवढ्याशा पोरीचं काय करतील लोक? असं मी स्वतःला सांगत राहिले. शुक्रवारी मी सरांना एवढंच म्हटलं की यंदा मनोरा नसला तर चालणार नाही का.

"का हो?"

पर्स माझ्या मांडीवर होती. तिची चेन मी अर्धी उघडली होती.

"उगीच," मी म्हटलं. "वर जरा उंच वाटतं."

ते म्हणाले, आई आहात, वाटणारच. खाली गाद्या दुप्पट घालू.

रविवारी सकाळी मी केतकीच्या कपाळावर हात ठेवला आणि अंग तापलंय म्हणाले. तिनं स्वतःचा हात लावून पाहिला. मला ताप नाही, ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. मी तिला पांघरूण घालून झोपवलं, शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि बाहेरून कडी घातली. ह्यांना रविवारीही काम असायचं, ते निघताना त्यांना म्हटलं होतं की तिला ताप आहे. ते म्हणाले, मग तू तरी कशाला जातेस? पण मला जायचं होतं. मला बघायचं होतं की काही होत नाही.

सरांना निरोप सांगितला तशी त्यांनी दीपालीला हाक मारली. ती पोर आनंदानं जागीच उडाली. तिनं लगेच कुणालातरी घरी पिटाळलं, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी हौसाबाई दारात आली. जरीकाठाचं ठेवणीतलं लुगडं, केसांत कारखान्यातल्या कापसाचे तंतू तसेच. कुठं बसायचं ते तिला कळेना. मी सरकून तिला माझ्याशेजारी जागा दिली. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "वैनी, तुमच्या लेकीला बरं न्हाई म्हनं. देव तिला लवकर बरं करील." मी मान हलवली.

साडेपाच वाजता मनोरा चढायला लागला. चार. तीन. दोन. मग दीपाली, पाय न थरथरवता, जिना चढावा तशी. ती वर उभी राहिली आणि तिनं हात पसरले. खाली बघू नये असं शिकवलेलं असतं, पण तिनं एकदा आईला शोधलं. हौसाबाईनं माझा हात घट्ट धरला. मी आकडे मोजत होते. पाचपर्यंत राहायचं असतं. एक, दोन, तीन.

आणि वीज गेली.

दिव्यांचं काही नव्हतं, छपरातून उजेड होताच. पण सगळ्या गल्ल्यांतले माग एकदम थांबले. ती शांतता अंगावर कोसळल्यासारखी आली. शेडमधला प्रत्येक माणूस दचकला. दुसऱ्या थरातली मधली मुलगी दचकली, तिचा खांदा बोटभर हलला. बोटभरच. दीपाली हात पसरलेलीच राहून मागं गेली. गाद्या दुप्पट होत्या, पण त्या पुढच्या बाजूला. त्या शांततेत तिच्या कमरेखालचा जो आवाज झाला तो शेडमधल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेला.

मुलींच्या घोळक्यात सुमेधा उभी होती. सगळे दीपालीकडे धावत होते. ती दाराजवळच्या फळ्याकडे पाहत होती.

दीपालीला मिरजेला नेलं. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. कागद लावायचा वार. सर म्हणाले, राहू दे या खेपेला. पण पालक विचारत येत होते, नाही नाही त्या अफवा उठत होत्या, म्हणून मीच म्हटलं की दोन ओळी लावते. दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. मी बाकावर कागद पसरला. 'मनोऱ्यावरून' लिहिलं आणि पुढं 'दीपाली' लिहायला गेले, तर हात पुढं सरकेना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी लिहिलं, 'वरची मुलगी पडली. तिला मिरजेला नेले.' टाचण्या टोचून झाल्या, मागं सरले, आणि वाचलं.

नाव नव्हतं. मीच लिहिलं नव्हतं.

"काकू, खाली अजून एक ओळ आहे."

सुमेधा कधी आत आली ते मला कळलं नव्हतं. शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीवर. कुठं आहे ओळ, मी विचारलं. तिनं बोट पुढं करून कोऱ्या कागदावर, माझ्या ओळींच्या खाली, टेकवलं.

"चिठ्ठीत का नाही लिहिलीस?"

"मला ती बातमी वाटली नाही."

"काय आहे?"

तिनं डोळे बारीक केले आणि शाळेत धडा वाचतात तसं बोट सरकवत वाचलं, "केतकीला ताप नव्हता."

मी खाली बसले. ताप मी रविवारी सकाळी आणला होता. शनिवारी निजेपर्यंत माझ्या मनातही ते नव्हतं, हे मी देवाच्या शपथेवर सांगेन. आणि या पोरीनं ते मंगळवारी वाचलं होतं.

कुणाच्या अक्षरात आहे, असं मी तिला विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तुमच्याच. पण जरा वाकडं आलंय."

ती निघून गेली. मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. न लिहिता घरी गेले असते तरी चाललं असतं, कुणी विचारणार नव्हतं. ती पोरगीसुद्धा पुन्हा बोलली नसती. किती वेळ बसले होते कोण जाणे. आजूबाजूला माग चालू होते. शेवटी उठले आणि उभ्यानं ती ओळ लिहिली. फळ्यावर, उभ्या कागदावर लिहिल्यामुळे ती वाकडी आली.

सर पाच वाजता आले. त्यांनी तिन्ही वाक्यं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, काचेपासून. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बराच वेळ चिठ्ठी उलटीसुलटी करत राहिले. मग त्यांनी फळ्यावरच्या टाचण्या एकेक करून काढल्या, कागदाची घडी केली आणि माझ्याकडे दिली.

"हे ज्या बाईनं वाचायचं तिला वाचता येत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला जावं लागेल."

त्या दिवसानंतर मी फळ्याला हात लावला नाही. दुसऱ्या कुणी लावला असेल, मला माहीत नाही, कारण केतकीला मी काढून घेतलं. ती माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती. का, ते तिनं आजवर सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. सुमेधाचे वडील उन्हाळ्यात बदली होऊन गेले. निघायच्या आधी ती मला बाजारात भेटली होती. आता दिसतं का काही, म्हणून मी हळूच विचारलं, तर म्हणाली, फळा कोरा असतो. दीपाली पाचव्या महिन्यात चालायला लागली, पण डावा पाय बोटभर आखूड राहिला. आता तिचं शिवणाचं दुकान आहे, दोन मुलं आहेत. समोरून आली तर मला ओळख देते. थांबत नाही.

पण मिरजेचं सांगायचं राहिलं.

मी मंगळवारी गेले. दीपाली झोपली होती, पायाला वजन लावून तो वर टांगलेला. हौसाबाई खाटेखाली, फरशीवर बसली होती, अंगावर तेच जरीकाठाचं लुगडं. मला बघून ती उठायला लागली. मी तिला उठू दिलं नाही, तिच्यासमोर फरशीवर बसले. कागद उलगडला आणि तीन ओळी वाचून दाखवल्या. मग चिठ्ठी वाचली. ती कधी आली, कुणी दिली, चार दिवस कुठं होती, रविवारी सकाळी मी काय केलं, सगळं क्रमानं सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ती ऐकत होती. चिठ्ठी खरी कशी, पोरीला कसं कळलं, असं काहीएक तिनं विचारलं नाही. जग असं असतं हे तिला जणू ठाऊकच होतं. तिनं हात पुढं केला. मी चिठ्ठी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग खाटेवरच्या लेकीकडे पाहिलं, आणि आवाज न चढवता मला म्हणाली,

"मला वाचाया येत न्हाई, वैनी. पन ह्ये मला वाचून दावायचं हुतं तुमी. म्या बी आणला असता की माज्या पोरीला ताप."